फोडलेला जोड

नवे बूट चावले नाहीत, हेच मला आधी खटकलं. नवा बूट म्हटला की पहिले काही दिवस तो चावायचाच. टाचेवर कापूस, करंगळीला पट्टी, संध्याकाळी कोमट पाण्यात पाय आणि तोंडानं दुकानदाराचा उद्धार, हे सगळं मी जन्मभर केलेलं आहे आणि त्यात मला कधी अन्याय वाटलेला नाही. हे मात्र पहिल्या दिवसापासून गप्प. सकाळी घातले, दिवसभर गावभर हिंडले, संध्याकाळी काढले, आणि पायांनी चकार शब्द काढला नाही. मुलगी म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं तुला?" मी म्हटलं, "म्हटलं होतंस बाई." तिनं विषय तिथंच मिटवला. तिचे विषय मिटतात. माझे भांडी घासताना परत येतात.

माझा डावा पाय पाच नंबरचा आणि उजवा सात नंबरचा. जन्मापासून. यात दुखणं काही नाही, लंगडणं नाही, चालताना कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते फक्त बुटांच्या दुकानात, आणि तिथं असं येतं की शेजारची गिऱ्हाइकंही हातातला बूट खाली ठेवून बघतात. लहानपणी बाबा मोठ्या पायाच्या मापाचे बूट घ्यायचे आणि डाव्या बुटात वर्तमानपत्र कोंबायचे. मोर्चे, निवडणुका, क्रिकेटचे धावफलक, सगळं डाव्या पायाखाली तुडवत मी शाळेत जायची. पाऊस लागला की कागदाचा लगदा व्हायचा, शाई मोज्याला लागायची आणि आई मोजा उलटा करून म्हणायची, "आज काय बातमी?" घरात या गोष्टीचं कुणी दुःख केलं नाही. हसण्यावारी नेलं. हसण्यावारी नेलेली गोष्टही वजनदार असते, हे मला फार पुढं कळलं; शाळेच्या मैदानावर मी कधी धावले नाही, कारण धावताना डावा बूट मागं राहायचा.

आणि काम मात्र मला मिळालं ते पायांचंच. मी पाणीखात्यात आहे. ठरलेल्या नळांवर जायचं, स्पिरिटचा बोळा पेटवून नळाच्या तोंडाशी धरायचा, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, मग निर्जंतुक बाटली भरून झाकण लावायचं, चिठ्ठी चिकटवायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची. दुसऱ्या छोट्या नळीत गोळी टाकून पाणी गुलाबी होतं का बघायचं. गुलाबी झालं की औषध पोचलंय. एवढंच. मग पुढचा नळ. शाळेतला, दवाखान्यातला, चौकातला, बेकरीतला. सगळं गाव मला पाणीवाली म्हणतं. माझं नाव विचारलं तर निम्म्या लोकांना आठवणार नाही, पण माझी पेटी दिसली की लोक नळाखालचं भांडं काढून घेतात. या कामात बूट म्हणजे काय, हे बसून काम करणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

पायांची वाढ थांबली त्या वर्षी बाबा मला एका चिंचोळ्या दुकानात घेऊन गेले. तीन माणसं आत शिरली की चौथ्यानं बाहेर थांबायचं असं दुकान. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी, एक शिडी, एक बाक, चामड्याचा आणि डिंकाचा वास. दुकानदार तेव्हा तरुण होता. चुलत्याकडून दुकान नुकतंच त्याच्याकडे आलेलं. पायाचं माप घ्यायची सरकती लाकडी पट्टी तो सदानकदा काखेत धरायचा, म्हणून गल्लीत त्याला फूटपट्टी म्हणत. मी तेव्हापासून काका म्हणते. काकांनी माझा एक पाय पट्टीवर ठेवला, मग दुसरा. बाकीच्या दुकानदारांसारखं "अरे" म्हटलं नाही, "चालेल, चालेल" म्हटलं नाही, भुवईसुद्धा उचलली नाही. पुन्हा पहिला पाय ठेवून बघितला, पट्टी काखेत घातली आणि बाबांना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या. जोड फोडतो."

बाबांना वाटलं, बूट फाडून शिवणार आहेत. तेव्हा काकांनी समजावलं. त्यांच्याकडे आणखी एक गिऱ्हाईक आहे. मुलगीच. डावा सात, उजवा पाच. ती पण कापूस कोंबून चालते. पाचाचा एक जोड फोडायचा, साताचा एक फोडायचा. दोघींना आपापला डावा-उजवा मिळतो आणि दुकानात काही उरत नाही. "फक्त एक आहे," काका म्हणाले, "दोघींना बूट सारखाच घ्यावा लागेल. एकदा ती पसंत करेल, एकदा तुमची मुलगी. जिची पाळी नसेल तिनं नाक मुरडायचं नाही." बाबांनी मला विचारलं, कबूल? मी मान हलवली. मला वर्तमानपत्रापासून सुटका हवी होती. त्यासाठी मी गमबूटही घातले असते. परत येताना बाबा मध्येच थांबून मोठ्यानं हसले. "म्हणजे बघ," म्हणाले, "तू आरशासमोर उभी राहिलीस की आत दिसते ना, ती कुठंतरी खरीच राहते." घरी आल्यावर आईला सांगताना त्यांनी तिचं नाव ठेवून टाकलं: पलीकडची. ते नाव चिकटलं. जेवताना मी हट्ट केला की आई म्हणायची, पलीकडची बघ कशी निमूट जेवते. कुणी न पाहिलेल्या मुलीचं उदाहरण ऐकत मी मोठी झाले आणि काही वर्षं तिचा मनस्वी राग केला.

पण रागावून करता काय? तिनं निवडलेले बूट पायात असायचे. पहिल्या वर्षी तिची पाळी होती. तिनं बंद गळ्याचे, चॉकलेटी, लेसवाले घेतले होते. आजीबाईचे, मी म्हटलं होतं. वर्षभर घालून कळलं की ते चिखलात टिकतात आणि जिना उतरताना घसरत नाहीत. मग मला वाटू लागलं की ती जिने उतरणारी असावी. दुसऱ्या वर्षी मी हौसेनं पांढरे, पट्ट्याचे घेतले, आणि पहिल्याच आठवड्यात ते मळले तेव्हा माझ्या मनात आलं, ती आता मला शिव्या देत असेल. असं सुरू झालं. तिनं एकदा थोड्या उंच टाचेचे निवडले. मी म्हटलं, बाईसाहेबांचं कुणावर तरी मन बसलंय. पुढच्या तिच्या पाळीला एकदम सपाट, रुंद, लेस नसलेले, वाकायला न लावणारे. तेव्हा माझ्याही पोटात मुलगी होती, मलाही वाकता येत नव्हतं, आणि ते बूट दोघींना एकाच वेळी उपयोगी पडले की ती नुसतीच पाठदुखीनं बेजार होती, हे कळायला मार्ग नव्हता. काकांना विचारलं तर ते पट्टी पुसत राहायचे. "पायांची ओळख आहे ना? पुरे." तिलाही ते हेच सांगत असणार. बसमध्ये बसले की मी बायकांच्या पायांकडे बघायची. एकदोनदा माझेच बूट समोर दिसले आणि मग लक्षात आलं की दोन्ही पाय सारखेच आहेत. बसमधून उतरल्यावर वाटायचं, बरं झालं. भेटलोच असतो तर बोललो काय असतो?

नवरा गेला त्या वर्षी पाळी माझी होती. मी काळे घेतले. साधे, काळे, बिनचमकीचे. काकांनी खोकं बांधता बांधता फक्त एवढंच म्हटलं, "तिला सांगतो." काय सांगतो ते मी विचारलं नाही. ते वर्ष मी कसं काढलं ते मला नीटसं आठवत नाही. आठवतं एवढंच की नळाखाली बाटली धरलेली असायची आणि ती भरून वाहत असली तरी मी बघत उभी असायची. घरात माणसं येत, बोलत, जात. पण गावात कुठंतरी एक बाई कुरकुर न करता माझ्याबरोबर वर्षभर काळे बूट घालून चालते आहे, हे मला रोज सकाळी लेस बांधताना आठवायचं आणि त्याचा आधार वाटायचा. मी हे कुणाला बोलले नाही. पुढच्या वर्षी काकांचा निरोप आला, तिनं निवडलेत, घेऊन जा. खोकं उघडलं तर तांबडे. भडक नव्हे, विटेच्या रंगाचे, बाजूला दोन पितळी बटणं. मी बाकावर बसून ते मांडीवर घेतले आणि रडले, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मनमोकळं. काका तेवढ्यात शिडीवर जाऊन उगाच खोकी हलवत राहिले.

हे सगळं मी मुलीला एकदा सांगायला गेले. ती एका मोठ्या कचेरीत आहे, कुठल्या मालाला कुठं किती मागणी येईल त्याचा अंदाज काढते. गुणाची पोर आहे, माझ्यावर जीव आहे, पण गणितात न बसणारी गोष्ट दिसली की तिला राहवत नाही. ती म्हणाली, "आई, अशी बाई असूच शकत नाही. याच गावात, तुझ्याच वयाची, तुझ्याच मापाची, बरोब्बर उलटी? आणि ती इतकी वर्षं गाव सोडून गेली नाही, तिचा पाय सुजला नाही, ती कुठल्या दुसऱ्या दुकानात गेली नाही?" मी म्हटलं, "मग निवडतं कोण?" ती हसली. "काकाच. जो माल खपत नाही तो तुझ्या गळ्यात. एक वर्षाआड." दुखवायला म्हणाली नव्हती. भाजी निवडता निवडता म्हणाली. पण ते वाक्य बुटात खडा जावा तसं राहिलं. काढू म्हटलं तर सापडत नव्हतं, चाललं की बोचत होतं.

आणि त्यात एक दिवस, मुलीबरोबर बाजारात गेलेली असताना, माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि त्यानं मगरीसारखं तोंड उघडलं. यंदा पाळी माझी होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी राहिले होते, आणि का राहिले होते ते आता सांगितलंच. समोर चौकातलं ते काचेचं मोठं दुकान होतं. त्या नावाची दुकानं म्हणे इतकी आहेत की मालकालाही सगळी बघून झालेली नाहीत. मुलीनं माझा दंड धरला आणि आत नेलं. आत गार, उजेड कुठून येतो ते कळू नये असा उजेड, आणि कसलाच वास नाही. इतके बूट आणि चामड्याचा वास नाही, याचं मला नवल वाटत राहिलं. जोड फुटू नये म्हणून तिथं दोन्ही बूट प्लास्टिकच्या आखूड दोरीनं एकमेकांना बांधलेले असतात. तसेच घालून बघायचे. पायांत दावं बांधल्यासारखी मी तिथल्या गुळगुळीत फरशीवर टिचभर पावलांनी चालून बघितलं, आधी पाचाचा जोड, मग साताचा. युनिफॉर्ममधली मुलगी गोड होती. "पाय असे असतील तर जोड फोडून देता येत नाही मॅडम, सिस्टिम घेत नाही," म्हणाली, आणि मग चेहरा उजळून, "पण एकावर एक आहे! दोन्ही घ्या." माझी मुलगी टाळी वाजवायचीच बाकी होती. दाराशी एक उंच पेटी होती. जुने बूट तिच्यात टाकले की थोडी सूट. मी तोंड उघडलेला बूट आणि त्याचा जोडीदार, दोन्ही टाकले. आत पडल्याचा आवाज आला नाही, पेटी बरीच भरलेली असावी.

घरी येऊन पाचातला डावा आणि सातातला उजवा मी घातला. राहिलेले दोन, पाचातला उजवा आणि सातातला डावा, मुलीनं एका खोक्यात भरून पलंगाखाली सरकवले. "टाकून दे नंतर," ती म्हणाली. मी नाही टाकले. झाडताना केरसुणी त्या खोक्याला लागायची आणि मी ते थोडं आणखी आत ढकलायची.

आता ते गप्प बूट घालून मी कामाला जाऊ लागले. काकांच्या दुकानापासून तिसरं दार बेकरीचं, आणि बेकरीतला नळ माझ्या यादीत आहे, तो चुकवता येत नाही. काका दुपारी दाराशी स्टुलावर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय बघतात. तोंडाकडे सगळ्यात शेवटी. मी पलीकडच्या बाजूनं गेले, बर्फाची पेटी पुढं धरून, आपल्याच गल्लीत चोरासारखी. मला माझंच हसू आलं. बाई, तू बूट घेतलेत, कुणाचा खून नाही केलास. चावीवाल्यानं हात केला, सायकलवाल्यानं विचारलं, "आज या अंगानं?" मी म्हटलं, "ऊन लागतं." ऊन नेमकं माझ्या बाजूला होतं. बेकरीत बोळा पेटवला, पाणी वाहू दिलं, बाटली भरली, गोळी टाकली. गुलाबी झालं. बाहेर आले तर काकांची हाक आली. "पाणीवाली, ये गं जरा."

मी काउंटरला अगदी चिकटून उभी राहिले, म्हणजे पाय दिसायचे नाहीत. काका थकलेत आता, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली असते, पण पट्टी काखेत तशीच. म्हणाले, "ती येऊन गेली. यंदा तुझी पाळी ना? म्हटलं, अजून आली नाही. तर म्हणाली, थांबते." मी काही बोलायच्या आत त्यांनी काउंटरखालून एक बुटांचा जोड काढून वर ठेवला. "तिचे सोल पार गेलेत. तोवर पुरतील म्हणून नवे सोल घालायला ठेवून गेली. बुटांवाचून एक दिवस घरात बसेन म्हणाली."

ते माझेच बूट होते. चौकातल्या पेटीत टाकले ते. तेच करडे, तोच आडवा पट्टा, ज्यांच्या बकलावरून आदल्या वर्षी मी मनातल्या मनात तिला बोल लावला होता. फक्त उलटे. मोठा डावा, लहान उजवा. माझी टाच उजवीकडे बाहेरून झिजते. हिची डावीकडे बाहेरून झिजली होती. आत पायाचा काळपट ठसा उमटला होता, पाच बोटं, अंगठा थोडा आत वळलेला. मी हात लावला नाही. इतक्या वर्षांत तिची पहिल्यांदा दिसलेली वस्तू, आणि ती मला माझ्या पायांइतकी ओळखीची होती. म्हणजे होती. आहे. जिने उतरते, पट्टा शेवटच्या भोकात घालते, आणि माझी वाट बघत जुन्या बुटांना नवे सोल घालून घेते आहे. "येते एकदोन दिवसांत," मी म्हटलं. काकांनी माझ्या नव्या बुटांकडे बघितलं की नाही, ते मला निघेपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन पलंगाखालचं खोकं ओढलं. उजवा पाच, डावा सात. तिचंच माप. कुणाला न दुखवता सुटका होईल असा मार्ग समोर दिसला की माणसाची अक्कल किती भराभर चालते! तिला फुकटात नवे कोरे बूट मिळतील, न चावणारे. तिची वाट बघणं संपेल. माझी लाज झाकली जाईल. आणि टाकूनही द्यायला नकोत. मी ते पुसले, लेसा नीट ओवल्या, खोक्याला दोरी बांधली आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या काउंटरवर ठेवलं. काय झालं ते सगळं सांगितलं. सोल सुटला, मुलगी बरोबर होती, एकावर एक होतं. काकांनी एक बूट हातात घेतला, मधून वाकवला, आत बोटं घालून बघितलं, नाकाशी नेला, ठेवला.

"बसतील तिला," म्हणाले. "ठेवून जा."

"रागावलात?"

"छे. बूट आहे, पायात बसला म्हणजे झालं." मग पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्या पायांकडे बघितलं. "चावत नाहीत ना?"

"नाही."

"हल्ली नाही चावत," काका म्हणाले आणि पट्टी पुसू लागले.

रागावले असते तर मी भांडले असते. माझ्याजवळ उत्तरं तयार होती: मुलगी, गर्दी, वय, सोय. पण रागच नाही म्हटल्यावर ती सगळी माझ्याजवळच राहिली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी काय करून आले. ते बूट तिला बसले की ती येणार नाही. ती आली नाही की माझ्या एकटीसाठी काकांना जोड फोडता येणार नाही. मलाही मग काचेच्या दुकानातच जावं लागेल, आणि तिलाही, आणि तिथं दोघी दोन-दोन खोकी घेऊन येऊ आणि एकेक पलंगाखाली सरकवू. पुढच्या वर्षी पाळी कुणाची, हे कुणी कुणाला विचारणार नाही. मला वाटलं होतं मी फक्त माझे बूट बदलले. परत फिरून खोकं उचलून आणावं असं मनात आलं, पण काय तोंडानं? बर्फ वितळत होता, दवाखान्याचा नळ राहिला होता. मी पुढं गेले.

ते दिवस मी नेहमीसारखे काढले, म्हणजे काम चोख केलं आणि घरी चिडचिड केली. मुलीनं विचारलं, "बूट लागतात का गं?" मी म्हटलं, "नाही ना लागत, तेच तर." मग ती भाजी चिरत असताना मी तिला म्हटलं, "ती आहे. तिचे बूट बघितले मी." मुलीनं सुरी खाली ठेवली. काहीतरी विचारणार होती, गणितातलंच, पण माझा चेहरा बघून वेगळंच म्हणाली, "टाच कुठून झिजते तिची?" मी म्हटलं, "डावीकडे. बाहेरून." तिनं मान हलवली. त्या दिवशी भांडी तिनं घासली.

कामावर जाताना पायाखाली काहीच जाणवत नव्हतं. उतार आला, खडी आली, बेकरीसमोरची उखडलेली फरशी आली, सगळं सारखंच. नळ तेच होते, पाणी गुलाबी होत होतं. पण मला राहून राहून ती दिसू लागली होती: खोकं उघडते, चमकदार कागद बाजूला करते. तिला आवडतील. का नाही आवडणार? हलके आहेत, मऊ आहेत. ती आरशात बघेल आणि म्हणेल, यंदा बरी निवड केली. तिला ते आवडावेत असं मला वाटत होतं आणि त्याच वेळी मनापासून नकोही होतं.

बेकरीचा नळ पुन्हा आला त्या दिवशी मी पलीकडच्या बाजूनं गेले नाही. सरळ काकांच्या दारासमोरून गेले आणि थांबले. काउंटरवर माझं खोकं होतं. दोरी सोडून पुन्हा बांधलेली. गाठ माझी नव्हती.

"आली नाही ती?" मी विचारलं.

"आली की."

"बसले नाहीत?"

"छान बसले. इथून त्या दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या तिनं. मी म्हटलं, बरे आहेत ना? म्हणाली, चावत नाहीत." काकांनी चष्मा काढून दोऱ्याची गाठ चाचपली. "मग बसली या बाकावर. लेसा सोडल्या. म्हणाली, हे तिनं निवडलेले नाहीत."

मी खोकं जवळ ओढलं.

"मी म्हटलं, अहो, तिच्याकडूनच आलेत. तिनंच आणून दिलेत. तर तिनं खोक्याची दोरी पुन्हा बांधली. आणि मला विचारते," काका म्हणाले, "तिला बरं नाही का?"

मी बाकावर बसले. ती बसली असेल तिथंच. बर्फाची पेटी खाली ठेवली, लेसा सोडल्या, ते गप्प बूट काढून बाजूला ठेवले, आणि मोज्यांतले माझे दोन पाय, एक लहान एक मोठा, त्या जुन्या फरशीवर टेकवले. फरशी गार होती. डोळ्यांतलं पाणी मी पुसलं नाही. काकांसमोर मी याआधीही रडलेली आहे. काकांनी काखेतून पट्टी काढली आणि माझ्या पायासमोर ठेवली. माझं माप त्यांना पाठ आहे. तरी त्यांनी आधी डावा ठेवायला लावला, मग उजवा, आणि भुवई याही वेळी उचलली नाही.

"परवा येईल ती," म्हणाले. "काय सांगू?"

मी वर भिंतीकडे बघितलं. खोकीच खोकी, छतापर्यंत. पाळी माझी होती.

"ते विटेच्या रंगाचे, पितळी बटणांचे," मी म्हटलं, "तसे आहेत का अजून?"

काका शिडीकडे वळले. मी तशीच मोज्यांवर उठले आणि शिडी धरली. ते हळूहळू वर चढले, वरच्या फळीवरची धूळ फुंकली, आणि पाठमोरेच विचारू लागले, "पाच काढू का सात?"

"दोन्ही काढा," मी म्हटलं.